पेपरवाले पुस्तकाला बक्षीस देतात म्हणजे नक्की काय करतात?

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या दिवाळीत स्वतःचं पुस्तक काढलं. म्युनिसिपाल्टीच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं त्याच्या आठवणी, पाचशे प्रती, पैसे पदरचे, आणि त्यातल्या साडेतीनशे अजून दिवाणाखाली. परवा लिफ्टमध्ये भेटल्या तर हातात पेपरचं कात्रण. "अरे हे बघ, साहित्य पुरस्कारासाठी पुस्तकं मागवलीयत, चार प्रती पाठवा म्हणतायत. चार कशाला रे? एकानं वाचून झालं की पुढच्याला द्यायचं ना, वाचनालयात नाही का देत."

प्रश्न रास्त होता आणि मला उत्तर माहीत होतं, कारण दोन वर्षांपूर्वी मी एका पेपरच्या पुरस्कारासाठी पहिल्या फेरीचा वाचक होतो (कुठला पेपर ते सांगत नाही, मानधन वेळेवर दिलं होतं त्यांनी, उगाच कशाला). तर त्या चार प्रतींचं पुढे काय होतं हे रविवारी चहा घेता घेता काकूंना सांगायला बसलो, तेच इथे लिहितोय, जरा सविस्तर, कारण मध्येच गॅसवाला आला आणि अर्धं राहिलं.

आधी देणारा कोण ते बघू, कारण आपण सगळ्यालाच सरसकट 'पुरस्कार मिळाला' म्हणतो आणि सोडून देतो. सरकारचे पुरस्कार वेगळे, साहित्य अकादमीचा वेगळा, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान वेगळा, आणि पेपरचा वेगळा. साहित्य अकादमी २४ भाषांमध्ये देते, रक्कम एक लाख, आणि तिथे मागच्या काही वर्षांतली पुस्तकं विचारात घेतात, म्हणजे यंदा हुकलं तरी पुढच्या वर्षी आशा. जनस्थान तर एका पुस्तकाला नसतोच, तो लेखकाच्या एकूण कामाला. पेपरच्या पुरस्काराचं गणित बहुतेक ठिकाणी एका वर्षाचं. अमेरिकेत लॉस एंजेलिस टाइम्स १९८० पासून पुस्तकांना बक्षिसं देतोय, तिथे आदल्या वर्षात आलेली पुस्तकं धरतात, प्रत्येक विभागात पाच नावं अंतिम यादीत, आणि वसंतात निकाल. एक वर्ष, एक संधी. गाडी चुकली की चुकली.

म्हणून ती पहिली प्रत. ती कुणी वाचत नाही. ती ऑफिसात राहते, आणि एक मनुष्य तिचं फक्त ते बारीक अक्षरातलं पान बघतो जे आपण कधीच बघत नाही, प्रथमावृत्ती कधी, प्रकाशक कोण, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आहे का, आधीच्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण तर नाही ना. माझ्या वेळी दोन पुस्तकं इथेच गेली, एक चांगला कथासंग्रह होता म्हणे, पण आत छापलेलं साल आदल्या वर्षाचं, प्रकाशन समारंभ जानेवारीत झाला म्हणून लेखकाला वाटलं पुस्तक जानेवारीचं. समारंभ कुणी विचारत नाही, छापलेलं साल विचारतात.

आता उरलेल्या तीन प्रती. काकूंना वाटलं होतं तीन परीक्षक, तिघांना एकेक. कागदावर ते बरोबर आहे. पण तीन परीक्षक म्हणजे कोण, तर एखादे निवृत्त प्राध्यापक, एखादी नावाजलेली लेखिका, एखादा समीक्षक, आणि आलेली पुस्तकं समजा दीडशे. आता तुम्हीच सांगा, सत्तरीतले प्राध्यापक दोन महिन्यांत दीडशे पुस्तकं वाचणार आहेत का? नाही वाचत. वाचूच शकत नाहीत. म्हणून मध्ये एक चाळणी असते, तिला छाननी म्हणतात, आणि त्या चाळणीत माझ्यासारखे लोक असतात ज्यांचं नाव निकालाच्या बातमीत कधीच येत नाही.

माझ्याकडे खोकं आलं ते सुतळीनं बांधलेलं, कुरिअरवाल्यानं खालीच वॉचमनकडे टाकलं आणि वॉचमनला वाटलं फरशा आहेत. अडतीस पुस्तकं. कथा-कादंबरी विभाग. पाच आठवडे मुदत. बरोबर एक एक्सेल शीट, त्यात पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, दहापैकी गुण आणि शेरा दोन ओळींचा. माझी नोकरी तेव्हा कोपरखैरण्याला, मग रोज ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचायचो, ठाण्याला गाडी सुटते त्यामुळे बसायला मिळतं, ऐरोलीपर्यंत शांतपणे काही पानं होतात, मग डबा भरला की पुस्तक छातीशी धरून बसायचं. येताना झोप. हिशोब करा, पस्तीस दिवसांत अडतीस पुस्तकं, त्यातली काही चारशे पानांची.

तर खरं सांगतो, सगळी पूर्ण वाचली नाहीत. कुणीच वाचत नाही, सांगत नाहीत एवढंच. पहिली पंचवीस-तीस पानं वाचायची, मग मधलं एखादं प्रकरण, मग शेवट. बहुतेक पुस्तकांच्या बाबतीत तेवढ्यानं कळतं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, भात शिजला का बघायला सगळं पातेलं उपसावं लागत नाही. वाईट वाटतं ते एकाच पुस्तकाचं. साडेचारशे पानांची कादंबरी होती, बारीक टाइप, समास जवळजवळ नाहीच, पहिली साठ पानं नुसती घराण्याची वंशावळ. मी चार गुण दिले आणि शेऱ्यात 'संथ' असं लिहून मोकळा झालो. सहा महिन्यांनी एका मित्रानं तीच कादंबरी हातात दिली, म्हणाला शंभराव्या पानापासून वाच. वाचली. काय सांगू! त्या वर्षी आलेल्या सगळ्यांत ती पहिल्या तिनात बसली असती, आणि ती परीक्षकांच्या टेबलापर्यंत पोचलीच नाही कारण मला घणसोली यायच्या आत कंटाळा आला. अजून खुपतं ते.

मला या सगळ्यात सांगायचंय ते हेच. निकाल लागला की लोक परीक्षकांवर घसरतात, अमुक पुस्तक यांना दिसलं नाही का, सेटिंग आहे, वगैरे. बऱ्याचदा त्यांना खरंच दिसलेलं नसतं. त्यांच्यासमोर दहा-बारा पुस्तकं येतात आणि त्यातून ते निवडतात. दीडशेची बारा होताना जे होतं त्याची बातमी कधी होत नाही. आणि त्याच्याही आधीची एक चाळणी आहे, पुस्तक मुळात पाठवलं का? प्रवेशिका मागवणाऱ्या पुरस्कारात न पाठवलेलं पुस्तक विचारातच नसतं, मग ते कितीही थोर असो. मोठ्या प्रकाशकाकडे हे काम करायला माणूस असतो. काकूंसारख्यांकडे कात्रण असतं, तेही लिफ्टमध्ये मला दाखवेपर्यंत आठ दिवस जुनं झालेलं.

आता तीन परीक्षक बसतात तेव्हाचं. इथे दोन पद्धती. एक गुणांची बेरीज, दुसरी चर्चा. बेरीज फार न्याय्य वाटते, पण जरा आकडे मांडून बघा. एका पुस्तकाला तिघांनी सात, सात, सात दिले, झाले एकवीस. दुसऱ्याला दोघांनी नऊ-नऊ दिले, ते वेडे झालेत त्या पुस्तकापायी, आणि तिसऱ्यानं दोन दिले कारण त्याला ती भाषाच शिवराळ वाटली, झाले वीस. जिंकलं कोण? जे कुणालाच खटकलं नाही ते. नुसत्या बेरजेवर निकाल काढला की असं गुळगुळीत पुस्तक वर येण्याची शक्यता वाढते, त्यात कुणाचा लबाडपणा असावाच लागतो असं नाही. चर्चेत निदान त्या दोघांना तिसऱ्याशी भांडायला मिळतं. अर्थात चर्चेत ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचं वय जास्त त्याचं चालतं, हाही ताप आहेच. आपल्याकडे "सर म्हणतायत तर..." इथे बऱ्याच चर्चा संपतात.

आणि परीक्षकांनी ठरवलं म्हणजे ठरलं, असंही नाही बरं का. याचं सगळ्यात भारी उदाहरण अमेरिकेतल्या पुलित्झर पुरस्काराचं. जोसेफ पुलित्झर हा पेपरमालक माणूस, त्यानं मृत्युपत्रात कोलंबिया विद्यापीठासाठी पैसे ठेवले आणि १९१७ पासून बक्षिसं सुरू झाली. तिथे परीक्षक फक्त शिफारस करतात, निर्णय वरचं मंडळ घेतं. १९७४ मध्ये कादंबरीच्या तिन्ही परीक्षकांनी एकमतानं एक नाव दिलं, मंडळानं नाकारलं, त्या वर्षी बक्षीसच नाही. २०१२ मध्ये परीक्षकांनी तीनेकशे पुस्तकांतून तीन निवडली, मंडळात कुणालाच बहुमत मिळेना, परत बक्षीस नाही. १९४१ मध्ये तर विद्यापीठाचे अध्यक्षच हेमिंग्वेच्या कादंबरीला आडवे आले. आपल्याकडेही डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं अनुवादासाठी जाहीर झालेला पुरस्कार काही दिवसांतच रद्द केला आणि निवड समितीच बरखास्त केली, त्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. तेव्हा कुठल्याही पुरस्काराच्या नियमांत शेवटची ओळ वाचायची. 'अंतिम निर्णय निवड समितीचा राहील' आणि 'अंतिम निर्णय आयोजकांचा राहील', या दोन वाक्यांत फार मोठा फरक आहे.

बरं, पेपर हे सगळं करतो कशाला? काकूंचं उत्तर होतं, "साहित्याची सेवा." असेलही. जपानमध्ये योमिउरी पेपरनं महायुद्धानंतर, १९४९ साली, सुरू केलेल्या साहित्य पुरस्कारामागे तर पराभूत देशाला संस्कृतीच्या जोरावर परत उभं करायचं असा उद्देशच होता. तिथे बक्षिसात पैशांबरोबर शाई उगाळायचा दगड देतात, जुन्या पद्धतीनं ब्रशनं लिहिताना लागतो तो. मला हे फार आवडलं. आपल्याकडे त्या जागी एक ॲक्रिलिकचं सन्मानचिन्ह देतात जे शोकेसमध्ये पडलं की उचलून परत ठेवताना टोचतं.

पण सेवेबरोबर धंदाही असतो आणि तो लपवायचं काही कारण नाही. पेपरला पुरस्काराचं काय मिळतं बघा. महिनाभर पानं भरतात, आधी आवाहन, मग परीक्षकांची नावं, मग अंतिम यादी, मग सोहळा, मग सोहळ्याचे फोटो. प्रायोजक मिळतो, बिल्डर, बँक, ज्वेलर्स, त्यांचा लोगो स्टेजच्या मागच्या बॅनरवर लेखकाच्या नावापेक्षा मोठा. गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहाला कार्यक्रम झाला की पहिल्या दोन रांगा निमंत्रितांच्या, त्यात जाहिरातदार किती आणि लिहिणारे किती हे मोजायचा खेळ आम्ही मित्र खेळतो. आणि मुख्य म्हणजे पेपरला वजन येतं, हा नुसता बातम्या विकणारा नाही, हा चांगलं-वाईट ठरवणारा आहे, असं.

याच्यात एक अवघड जागा आहे. बाकी पुरस्कार देणाऱ्या संस्थेकडे फक्त तराजू असतो. पेपरकडे तराजूही असतो आणि दुकानाची खिडकीही. पुस्तक परीक्षणाचं पान त्याचंच, लेखकाचं सदर त्याच्याच रविवार पुरवणीत, आणि बक्षीसही तोच देणार. कोलकात्याचं बघा, आनंदबाजार समूह १९५८ पासून आनंद पुरस्कार देतोय, बंगालीत त्याचा दबदबा प्रचंड, आणि त्याच घरात पेपरही आहे, साहित्याचं नियतकालिकही चालत आलंय आणि आनंद पब्लिशर्स ही प्रकाशन संस्थाही. याचा अर्थ निकालात काळंबेरं आहे असा लगेच होत नाही, तस्लिमा नसरीन यांना तो दोनदा मिळालाय, ती काही कुणाला खूश ठेवायची निवड नव्हती. पण वाचणाऱ्यानं एवढं डोक्यात ठेवायला हरकत नाही की बक्षीस मिळालेल्या लेखकाचं सदर त्याच पेपरात चालू असेल तर टाळ्या जरा बेतानं वाजवाव्यात. चांगले पेपर नियमच करतात, आमच्या पगारी माणसांची पुस्तकं चालणार नाहीत, परीक्षकाचा नातेवाईक, विद्यार्थी असेल तर त्यानं उठून बाहेर जायचं. मराठीत ही शेवटची अट पाळली तर कधी कधी खोलीत कुणीच उरणार नाही, कारण सगळे एकमेकांचे विद्यार्थी. असो.

धंदा आहे म्हटल्यावर धंद्याचे चटकेही आले. लंडनच्या गार्डियननं १९६५ मध्ये कादंबरीचं बक्षीस सुरू केलं, १९९९ मध्ये ते बंद करून त्या जागी लेखकाच्या पहिल्या पुस्तकाचं आणलं. हे मला आवडायचं कारण त्यात पुस्तकाच्या दुकानांत जमणाऱ्या सामान्य वाचकांच्या गटांनाही निवडीत जागा होती, म्हणजे आमच्यासारखे खोकंवालेच, पण उघडपणे. ते २०१५ नंतर बंद. मुलांच्या पुस्तकांचं जे १९६७ पासून होतं, तेही २०१६ नंतर बंद. पेपरचं बक्षीस पेपरच्या तब्येतीवर अवलंबून. ट्रस्टच्या बक्षिसामागे ठेव असते, पेपरच्या बक्षिसामागे बहुतेक वेळा त्या वर्षीचं बजेट आणि एखादा उत्साही संपादक. संपादक बदलला की संपलं.

आणि एक अगदी उलटी पद्धत सांगतो, कोरियाची. तिथे बरेच पेपर दरवर्षी नवख्यांच्या न छापलेल्या कथा-कवितांना बक्षीस देतात, १९२५ पासून ही परंपरा आहे. वर्षाच्या शेवटी हस्तलिखितं पाठवायची आणि एक जानेवारीच्या अंकात जिंकलेली कथा छापून येते, तिथून त्या माणसाला लेखक म्हणायला सुरुवात होते. हान कांग, ज्यांना २०२४ चं नोबेल मिळालं, त्यांची कथा १९९४ मध्ये अशाच एका पेपरच्या, सोल शिनमुनच्या, स्पर्धेत जिंकली होती. आपल्याकडे दिवाळी अंकांच्या कथास्पर्धा हे काम थोडंफार करतात. तिथे काकूंना चार प्रती नसत्या लागल्या, एक झेरॉक्स पुरली असती. आणि बेडखालची साडेतीनशे पुस्तकंही नसती.

पैशाचं पटकन सांगतो. रक्कम किती यावर पुरस्काराचं वजन ठरत नाही. लॉस एंजेलिस टाइम्सची रक्कम तिथल्या मानानं काहीच नाही, पण नाव मोठं. 'द हिंदू'नं २०१० मध्ये इंग्रजी कादंबरीसाठी सुरू केलेलं बक्षीस पाच लाखांचं होतं. आणि एक गोष्ट जिंकणाऱ्याला सीए सांगतो तेव्हाच कळते, सरकारी किंवा केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या पुरस्काराची रक्कम करमुक्त असते, पेपरनं दिलेली आपोआप तशी होत नाही. स्टेजवरचा तो मोठा पुठ्ठ्याचा चेक आणि खात्यात राहणारी रक्कम यात फरक असू शकतो. खरा फायदा मुखपृष्ठावरच्या त्या गोल सोनेरी स्टिकरचा. मराठीत पाचशे-हजारची आवृत्ती वर्षानुवर्षं पडून असते, तिथे स्टिकर लागला की वाचनालयं मागणी टाकतात, आणि आपल्याकडे वाचनालयांनी घेतलं म्हणजे निम्मी लढाई जिंकली.

राहिलं ते न जिंकलेल्या प्रतींचं. नियमात लिहिलेलं असतं, पुस्तकं परत मिळणार नाहीत. काही पेपर ती वाचनालयांना देतात. काही ठिकाणी काय होतं ते मी कोपरीत रद्दीच्या दुकानात बघितलंय, एक कवितासंग्रह, आत 'परीक्षणार्थ' असा शिक्का, खाली कवयित्रीची निळ्या शाईत सही आणि 'माननीय परीक्षकांस सस्नेह'. पानं कोरी करकरीत. वीस रुपयांना घेतला मी तो. हे काकूंना सांगितलं नाही, फक्त म्हटलं, काकू, सही करून पाठवू नका, तसं चालत नाही.

एवढं सगळं ऐकून काकूंनी फॉर्म पुढे केला. विभाग कुठला लिहायचा, आत्मचरित्र का ललित? मी म्हटलं, हे खरं महत्त्वाचं आहे, आत्मचरित्रात तुमच्यासमोर निवृत्त आयएएस, नट आणि उद्योगपती असणार, पुस्तक कुणीतरी लिहून दिलेलं, कागद गुळगुळीत, ललितमध्ये पुस्तकं जास्त पण तिथे निदान भाषा बघतात. काकूंनी पुस्तक मधूनच उघडलं, पावसात वर्ग गळायचा म्हणून मुलांना घेऊन जिन्यात बसून पाढे म्हणायच्या तो भाग, दोन मिनिटं स्वतःशीच वाचत राहिल्या. मग पेन घेऊन 'आत्मचरित्र'पुढे टिक केली, थांबल्या, आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे व्हाइटनर आहे का रे घरी?"